फुंक्याचे ठिपके

त्याला सगळे फुंक्या म्हणत आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. दुकानात आलेली कुठलीही वस्तू तो आधी फुंकून बघायचा. केस वाळवायचं यंत्र असो, व्हॅक्यूम क्लीनर असो, माशांच्या पेटीतला पंप असो, नाहीतर गाडीच्या टायरात हवा भरायचा, जेवणाच्या डब्याएवढा विजेचा पंप असो. नळीचं तोंड शर्टाला पुसायचं, ओठांना लावायचं आणि गाल फुगवून फुंकायचं. हवा कुठे अडते, कुठून निसटते हे आधी त्याच्या गालांना कळायचं, मग हातांना. गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. आजवर कुणाकुणाच्या घरची धूळ याच्या पोटात गेली असेल, असं म्हणून हसायची. पण वस्तू त्याच्याकडेच आणायची.

दुकान कसलं, चपलांचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामधली एक फट होती ती. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने बाहेरून बोलायचं. समोर फळकुटाचं टेबल, टेबलाखाली गाडीची एक जुनी बॅटरी, मागे छतापर्यंत फळ्या. वरच्या फळ्यांवर तयार वस्तू, मधल्यांवर चालू काम, आणि अगदी खाली, जमिनीला लागून, घरच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या वस्तू. गिऱ्हाईक ओरडतं, घरचं माणूस ओरडत नाही, एवढं साधं त्यामागचं तत्त्वज्ञान. घरचं काम म्हणजे कधीही करता येणारं, आणि म्हणून ते कधीच व्हायचं नाही. शेजारणीची इस्त्री त्या खालच्या फळीवर इतकी पडून राहिली होती की शेवटी तिने नवी घेतली आणि जुनी तिथेच विसरली.

हाताने जेवढा पक्का, तेवढाच हा माणूस तोंडाने कच्चा होता. ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. ‘झालं का’ म्हटलं की ‘होतंच आलंय’, ‘कधी देणार’ म्हटलं की ‘उद्या’. यात त्याचा फायदा काहीच नव्हता, उलट शिव्याच खायला लागत. पण समोरच्याचा पडलेला चेहरा त्याला बघवत नसे. आजचा चेहरा टळला की झालं, उद्याचं उद्या. वेळ मारून नेणं हा त्याचा दुसरा धंदा, आणि तो पहिल्यापेक्षा जोरात चालायचा.

कामात मात्र लबाडी नव्हती. एकदा कुणीतरी त्याने दुरुस्त केलेला मिक्सर दुसरीकडे उघडून बिघडवून आणला आणि त्याच्याच नावाने बोंब मारली. तेव्हापासून फुंक्याने नेम केला होता. वस्तू उघडली, काम केलं, बंद केली, की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका. नंतर कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका तडकतो आणि चोरी उघडी पडते. तीच वस्तू परत त्याच्याकडे आली तर तो जुना ठिपका खरवडत बसत नसे, त्यावरच नवा द्यायचा. घरच्या मिक्सरवर अशी तीन रंगांची पुटं एकावर एक चढली होती. ठिपका म्हणजे फुंक्याची सही. ठिपका नाही म्हणजे फुंक्याने ती वस्तू उघडलेली नाही, हे आळीत शेंबडं पोरही सांगायचं.

नेलपॉलिशच्या बाटल्या त्याला वहिनी आणून द्यायची. ती एका ब्यूटी पार्लरमध्ये कामाला होती. तिथे तळाशी राहिलेल्या, अर्ध्या वाळलेल्या बाटल्या टाकूनच द्यायच्या असत, त्या ती पर्समधून आणायची. घरात आई, दादा, वहिनी आणि हा. फुंक्याच्या लग्नाचं बघू बघू म्हणता राहूनच गेलं होतं. दिराभावजयीची थट्टा चालायची ती या बाटल्यांवरूनच.

“भाऊजी, हा लाल नाही. याला चेरी म्हणतात.”

“लालच आहे की.”

“आणि हा?”

“हाही लालच.”

“धन्य आहात. तुमच्या हाती बायकांची नखं द्यायला हवीत एकदा, पार्लर बंद पडेल.”

“वहिनी, माझ्याकडे वायर एकतर लाल असते नाहीतर काळी. त्यात चेरी कुठे घुसवू?”

दादा हे ऐकून हसायचा. दादा शाळांना वह्या, खडू, नकाशे पोचवायच्या कामावर होता. जुनी गाडी, मागची सीट काढलेली, आणि सतत फिरती. शाळा उघडायच्या दिवसांत माल इतका असायचा की खोकी पुढच्या सीटवरही चढायची. अशाच एका दिवशी डिकीत डोकं खुपसून उभ्या असलेल्या दादाला वहिनी म्हणाली होती, “हे जादाचं चाक काढून ठेवा ना. दोन खोकी सहज बसतील, एक फेरी वाचेल.” दादाने चाक काढलं, घराच्या बोळात भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाला, “खरंच की. नाहीतरी पंप आहेच.” आई तेव्हा दारात उभी होती. तिने ते ऐकलं होतं.

त्या पंपाची गोष्ट अशी की तो बरेच दिवस नुसता ओरडायचा. मोटार फिरायची, आवाज व्हायचा, काटा मात्र अर्ध्यावर येऊन थांबायचा. गाडीच्या एका चाकातून हवा हळूहळू जात होती, म्हणून दादाला तो लागायचा. त्याने तो दुकानात आणून दिला. “बघ रे जरा याचं.” फुंक्या म्हणाला, “ठेव, बघतो.” आणि पंप गेला खालच्या फळीवर, शेजारणीच्या इस्त्रीशेजारी. दादाने जेवताना दोनतीनदा विचारलं. “होतंच आलंय” म्हणून फुंक्याने दोनतीनदा सांगितलं. सख्ख्या भावाला सांगितलं म्हणून त्या वाक्याचा अर्थ काही बदलला नव्हता.

मग ती सकाळ. दादा लांबच्या शाळांना निघाला होता. गाडी दुकानासमोर थांबवून, इंजिन चालू ठेवूनच त्याने खिडकीतून विचारलं, “झाला का रे?”

नेमक्या त्याच वेळी टेबलासमोर एक शाळामास्तरीण उभी होती आणि फुंक्या तिला ऐकवत होता की आपल्या हातून गेलेली वस्तू परत येत नाही. आता तिच्यादेखत सख्ख्या भावाला ‘नाही झाला’ कसं म्हणायचं? त्याने वाकून पंप काढला, फडक्याने धूळ पुसली, टेबलाखालच्या बॅटरीला तारा लावल्या. मोटार सुरू झाली. नळीच्या तोंडावर अंगठा धरला, अंगठ्याला हवा लागली. एवढं तर कुठलाही पंप करतो. मोकळी हवा फेकणं वेगळं आणि गाडीच्या वजनाखाली दबलेल्या टायरात ती कोंबणं वेगळं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्याने तो टायरला लावून पाहिला नाही, उघडला नाही, आणि जन्मभराची खोड असूनही त्या दिवशी फुंकलासुद्धा नाही.

“झाला. ने,” तो म्हणाला.

“किती द्यायचे?” दादाने दरवेळची थट्टा केली.

“तुझ्या बायकोच्या बाटल्यांतून वळते करतो.”

दादा हसला, हात हलवला आणि गेला. मास्तरीणबाई म्हणाल्या, भावाभावांत असं असावं. फुंक्याला बरं वाटलं. आजचा चेहरा पडला नव्हता.

संध्याकाळी फोन आला. मोठ्या रस्त्यावर चाक बसलं होतं, दादा कडेला वाकून हवा भरत होता, आणि एक टेम्पो दुसऱ्या गाडीला चुकवताना कडेला आला. दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल काय सांगायचं? ज्या घरातून असा माणूस जातो त्या घराला ते माहीत असतं, आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. गाडी सोडवून आणायला फुंक्याच गेला, कारण जाणारं दुसरं कुणी नव्हतं. गाडीला फारसं काही झालं नव्हतं, मागचा दरवाजा तेवढा चेपला होता. जिथे हे घडलं तिथे तो मुद्दाम थांबला. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. टपरीवाल्याने त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

“तुमचे भाऊ का? फार वाईट झालं हो. मी त्यांना म्हटलं होतं, पुढे हवा भरायचं दुकान आहे, हळूहळू न्या गाडी. तर म्हणाले, नको, रिम खराब होईल. भावाने सकाळीच पंप दुरुस्त करून दिलाय, आत्ता भरेल. बसून राहिले तसेच चाकापाशी. ती घरघर आमच्या कानात बसली होती. माझा दोन वेळा चहा उकळून झाला, तरी चालूच.”

फुंक्याने चहा घेतला नाही. गाडीत बसला आणि कितीतरी वेळ त्याला किल्ली फिरवता आली नाही. चांगला पंप असता तर चहाचं पहिलं आधण उकळायच्या आत दादा हात झटकून गाडीत बसला असता. टेम्पो आला असता आणि रिकाम्या रस्त्यावरून निघून गेला असता. हे गणित त्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पंप गाडीतच सापडला, कुणीतरी उचलून ठेवलेला. त्याने तो दुकानात आणला आणि जागेवर ठेवला, म्हणजे खालच्या फळीवर. घरी टपरीवाल्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

घरी आईने आपला निवाडा केव्हाच केला होता. बोळातलं ते जादाचं चाक तिला येताजाता दिसायचं. “चाक घरात आणि माणूस रस्त्यात,” ती म्हणायची. पहिल्यांदा स्वतःशी, मग फुंक्याशी, मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाशी, आणि शेवटी वहिनीच्या तोंडावर. “दोन खोक्यांसाठी. दोन खोक्यांसाठी माझं पोर.” वहिनी चाकाभोवतीचा केर काढायची, पण चाक हलवायची नाही. जणू ते तिथे राहणं हीच तिची शिक्षा होती आणि ती तिने मान्य केली होती. दिवसा पार्लरमध्ये जायची, परत येऊन स्वयंपाक करायची, आणि जेवताना तेच वाक्य परत ऐकायची.

फुंक्या खाली मान घालून जेवायचा. खरं म्हणजे तो आईला एवढं तरी सांगू शकला असता की चाक बदलायलाही माणसाला रस्त्यावर वाकावंच लागतं, जॅक लावावा लागतो, वेळ जातोच. यात खोटं काही नव्हतं. पण चाकाचं बोलणं निघालं की पुढे पंपाचं निघणार. म्हणून तो तेवढंही बोलला नाही. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते त्या ताटावर कळायचं. एका बाईचा जीव रोज थोडा थोडा जात होता आणि हा भात कालवत होता. अशा माणसाची कीव करायची की त्याला दोन ठेवून द्यायच्या, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याच्या बाजूने एवढंच सांगता येईल की तो रोज ‘उद्या सांगू’ असं ठरवायचा, आणि ठरवताना त्याला ते खरंच वाटायचं.

एके दिवशी वहिनी दुकानावरून जाता जाता थांबली आणि पर्समधून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. अख्खी, भरलेली, झाकणावरचं प्लास्टिकही न काढलेली.

“ही घ्या भाऊजी. यांनी आणली होती माझ्यासाठी. मला रंग आवडला नव्हता, विटकरी आहे. म्हणून उघडलीच नाही. आता कपाट उघडलं की समोर दिसते, आणि बघवत नाही.”

“लालच आहे की,” फुंक्या सवयीने म्हणून गेला.

एरवी ती भांडली असती. त्या दिवशी नुसती मान हलवून गेली.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी गिऱ्हाईक नसताना, फुंक्याने खालच्या फळीवरून पंप काढला. नळी ओठांना लावली आणि फुंकली. हवा सरळ आरपार गेली, कुठे अडलीच नाही. त्याने चार स्क्रू काढले. आत दट्ट्याचं रबरी वायसर एका अंगाला झिजून कागदासारखं झालं होतं आणि चिरलं होतं. सिलिंडर तापून काळा पडला होता, शेजारचं प्लास्टिक वितळून चिकटलं होतं. हे पंप थोडा वेळ चालवून थंड होऊ द्यायचे असतात. हा किती चालला होता ते त्या काळ्या डागात स्पष्ट दिसत होतं. दादा थांबला नव्हता, कारण भावाने दुरुस्त केलेल्या पंपावर त्याचा भरवसा होता.

फुंक्याने नवं वायसर घातलं. सिलिंडर घासला, ग्रीस भरलं, वितळलेला भाग दुसऱ्या एका जुन्या पंपाच्या भागाने बदलला, तारेचा सैल टाका पक्का केला. इतकं मन लावून त्याने आयुष्यात कुठलं काम केलं नसेल. आता तरी तो नीट व्हावा एवढंच त्याला वाटत होतं. त्यात काही अर्थ नाही हे त्याला कळत होतं, तरी हात थांबत नव्हते. झिजलेलं वायसर त्याने केरात टाकलं. पंप बंद केला, आणि हाताला लागली ती बाटली उघडून चार स्क्रूंवर चार ठिपके दिले. ते वाळेपर्यंत तो रडत होता.

वहिनी आली ती त्यानंतर. पार्लरच्या दुपारच्या सुट्टीत, डब्यातलं कसंबसं खाऊन.

“भाऊजी, मी गाडी शिकायला लागलेय. यांच्या कंपनीचे साहेब आले होते पार्लरमध्ये. शाळा सगळ्या ओळखीच्या आहेत, तुम्ही सांभाळाल का म्हणाले. आईंना अजून बोलले नाही. पंप आहे ना तुमच्याकडे?”

फुंक्याने पंप काढला, बॅटरीला जोडला आणि दुकानातल्या एका टायरला लावून दाखवला. काटा सरसर वर चढला. आवाज आधी हलका, मग जड होत गेला, जसा व्हायला हवा तसा. वहिनी बघत राहिली.

“एक विचारू? खरं सांगाल?”

“विचारा की.”

“त्या दिवशी हा असाच चालत होता?”

चपलांच्या दुकानात कुणीतरी घासाघीस करत होतं, झेरॉक्सचं यंत्र चालू होतं. फुंक्याने पंप बंद केला. सांगायची वेळ हीच होती, यापेक्षा सोपी वेळ त्याला पुन्हा मिळणार नव्हती. त्याने वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखा तो आजचा चेहरा टाळायला गेला.

“असाच. मीच करून दिला होता ना.”

वहिनी स्टुलावर बसली.

“मग चाकच. आई म्हणतात ते बरोबर आहे. मला आपलं वाटत होतं, पंपातच काहीतरी असेल. असावं असं वाटत होतं. तुम्ही मनापासून केलेल्या कामावर संशय घेतला मी, राग मानू नका.”

“छे छे,” फुंक्या म्हणाला.

तिने पंप उचलला. वायर गुंडाळायला खाली खाच असते, म्हणून तो उलटा केला, आणि हात तसाच थांबला. तिने अंगठ्याच्या नखाने एक ठिपका हलकेच दाबून पाहिला. दिवसभर रंगांतच काम करणारी बाई ती. तिला उजेडाकडे न्यायचीही गरज पडली नाही.

“हा विटकरी आहे.”

“अं? लालच असेल...” फुंक्या बोलता बोलता थांबला.

“त्यांनी आणलेली बाटली. ते असताना मी ती उघडलीच नव्हती, भाऊजी.”

“नंतर... नंतर एकदा उघडून बघितला होता मी. नीट आहे ना म्हणून.”

“मग याच्याखाली आधीचा रंग कुठे आहे? तुम्ही जुना ठिपका कधी काढत नाही. आपल्या मिक्सरवर तीन आहेत.” तिचा आवाज चढला नव्हता. “याच्यावर एकच आहे.”

पायाखालचा केराचा डबा केव्हाच रिकामा झाला होता, तरी फुंक्या त्यातच बघत राहिला. मग त्याने सांगितलं, तुटक तुटक. खालची फळी, मास्तरीणबाई, अंगठा, टपरीवाला, दोन वेळा उकळलेला चहा. दादाचं ते वाक्यही सांगितलं.

“इतके दिवस मला वाटतंय की मी मारलं त्यांना,” वहिनी शेवटी म्हणाली. “तुमच्यासमोर बसून जेवत होते मी. तुमच्या ताटात मी वाढत होते.”

ती उठली. पंप पिशवीत टाकला.

“आईंना तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर त्यांना पटणार नाही. मला माफीबिफी नको कुणाची. फक्त ते वाक्य बंद व्हायला हवं.”

“सांगतो,” फुंक्या म्हणाला. “उद्याच सांगतो.”

आणि उद्या आला, त्याच्यामागून आणखी काही आले. वहिनी रोज वाढायची, रोज त्याच्याकडे एकदा बघायची. हा डोळे चुकवायचा. तिने एकदाही विचारलं नाही की कधी. गिऱ्हाइकं ओरडतात म्हणून त्यांचं काम होतं, आणि ही घरची होती.

रविवारी दुपारी आई आणि फुंक्या जेवायला बसले होते, वहिनी वाढत होती. बोळातून केराची गाडीवाली आत आली आणि चाकाला अडखळली. आईचं सुरू झालं. “आता सगळ्या जगाला लागू दे ते चाक. ज्याला लागायचं होतं त्याला कामाला आलं नाही. चाक घरात आणि माणूस रस्त्यात.” वहिनी भाताचा डाव हातात घेऊन उभी होती. ती तशीच उभी राहिली. वाढेना, खालीही ठेवेना.

“आई,” फुंक्या म्हणाला, “चाकाने काही झालं नाही. पंप बिघडलेला होता. दादाने मला दुरुस्तीला दिला होता, मी उघडलासुद्धा नाही आणि झाला म्हणून सांगितलं. तो त्याच्या भरवशावर बसून राहिला. माझ्यामुळे गेला तो.”

बोलून झालं. इतके दिवस जे डोंगराएवढं वाटत होतं ते चार-पाच वाक्यांत संपलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावरून एक रंग गेला, दुसरा आला, आणि मग तिने मान फिरवली.

“उगाच काहीतरी बोलू नकोस.”

“खरं सांगतोय, आई. आतलं वायसर गेलं होतं.”

“कुठे आहे ते? दाखव.”

“टाकलं मी.”

“मग झालं तर. मला ठाऊक नाही का तुझा स्वभाव? लहानपणापासूनचा आहे. दादाने काच फोडली तरी तू अंगावर घ्यायचास.”

हे उलटं होतं. काचा फुंक्या फोडायचा आणि मार दादा खायचा. आईच तर मारायची, तिला ते माहीत नसेल कसं? तिला सगळं कळलं होतं. पण एक मुलगा गेल्यावर दुसराही तिला असा गमवायचा नव्हता. त्यापेक्षा सून सोपी होती.

“आई, ते खरं बोलतायत,” वहिनी म्हणाली. “मी स्वतः बघितलंय.”

“तू बोलूच नकोस. परवा दुकानात जाऊन बसली होतीस ना? चपलावाल्याने सांगितलं मला. तिथेच पढवलंस त्याला. आपलं केलेलं त्या गरिबाच्या डोक्यावर ठेवायला निघालीस?” आईने वहिनीच्या हातातून डाव काढून घेतला आणि स्वतःच्या हाताने फुंक्याच्या ताटात भात वाढला. “जेव तू. वाळलायस किती.”

फुंक्याने वहिनीकडे पाहिलं. ती हसली नाही, रडली नाही. पदराला हात पुसले, खुंटीवरची गाडीची किल्ली आणि पिशवी घेतली आणि बाहेर गेली. बोळात काहीतरी जड घासत गेल्याचा आवाज आला. मग पायऱ्यांवरून चाक धपधप उतरलं. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा जागचं हललं होतं. उठून मदत करावी असं फुंक्याच्या मनात आलं. आईचा हात त्याच्या पाठीवर होता.

बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं, आणि मागोमाग ती घरघर. पडून पडून चाकातली हवा गेली असणार, डिकीत ठेवण्याआधी ती भरून घेत होती. फुंक्याचा घास हातातच राहिला. कान त्याचेच, ते ऐकायचे थांबणार थोडेच? आवाज आधी पोकळ होता. मग भरत गेला, जड झाला, दट्ट्याला जोर लागायला लागला, कुठे निसटणं नाही, कुठे धाप नाही. एवढा निर्दोष पंप त्याच्या हातून पूर्वी झाला नव्हता. मग बटण बंद केल्याचा आवाज आला, आणि डिकी लागल्याचा.

त्याच्या ताटातल्या भातावरची वाफ अजून गेली नव्हती. इतकाच वेळ लागतो.